हॅमिल्टन पॅलेस: कोळशाने वाढवला, कोळशाने खाल्ला

आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचं काम १८७७ ते १८८४ या काळात चाललं. त्याच्या मधोमध, १८८२ च्या उन्हाळ्यात, लंडनला क्रिस्टीजमध्ये स्कॉटलंडच्या एका वाड्यातलं सामान लिलावात निघालं होतं. १७ दिवस, २,२१३ नग, जमा झालेले ३,९७,५६२ पौंड. इकडे घडीव दगड चढत होता आणि तिकडे भिंती रिकाम्या होत होत्या. तो वाडा म्हणजे ग्लासगोच्या आग्नेयेला, क्लाइड नदीकाठचा हॅमिल्टन पॅलेस.

हॅमिल्टन घराण्याला ड्यूक ही पदवी १६४३ साली मिळाली. पहिल्या ड्यूकचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला, दुसरा १६५१ च्या वूस्टरच्या लढाईनंतर जखमांनी गेला आणि गादी आली डचेस अ‍ॅनकडे. मालमत्ता जप्त झालेली, डोक्यावर कर्ज. तिने ती सोडवली आणि १६८४ पासून वाडा नव्याने बांधायला घेतला, वास्तुकार जेम्स स्मिथ. १६९४ मध्ये नवरा वारला, तरी काम थांबलं नाही. ती १७१६ पर्यंत जगली, म्हणजे आपल्या ताराराणींची समकालीन. या घराण्यात मला सगळ्यात मोठी वाटते ती हीच.

दहावा ड्यूक, अलेक्झांडर, याला वैभवाचा सोस. त्याने १८२० च्या दशकात वास्तुकार डेव्हिड हॅमिल्टनकडून उत्तरेची बाजू बांधून घेतली: लांबी २६४ फूट, दर्शनी खांब एकेका अखंड दगडाचे, २५ फूट उंच. जहागिरीखालच्या कोळशाचं उत्पन्न आणि बेकफर्ड घराण्यातली बायको यांमुळे हे त्याला झेपलं. रुबेन्सचं 'सिंहांच्या गुहेतला डॅनियल' याच वाड्यात होतं. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

बाराव्या ड्यूकच्या कर्जापायी १८८२ चा लिलाव झाला. पहिल्या महायुद्धात वाड्याचं नौदलाचं रुग्णालय झालं, आणि पुढे वाड्याखालचाच कोळसा काढायला परवानगी मिळाली. इथे घात कसा होतो ते नीट समजून घ्यायला हवं. कोळसा काढताना छत तोलायला मध्ये कोळशाचेच खांब ठेवतात. शेवटी तेही ओढून काढले की छत खाली बसतं, आणि ती पोकळी थराथराने वर सरकत जमिनीपर्यंत येते. इमारत सगळीकडून सारखी खचली तर ती तग धरू शकते. पण एक कोपरा आधी बसला की भिंत ताणली जाते, आणि चुन्यातलं दगडकाम भार पेलतं, ताण नाही. चिरे सुटतात, कमानी उघडतात. आपल्याकडे कोल्हापुरात खाली काळा बेसाल्ट आहे, कोळसा नाही, म्हणून हा धोका आपल्याला परका वाटतो. नुसत्या जमिनीला दोष देणं मात्र मला पटत नाही: आतली श्रीमंती आधीच गेली होती आणि एवढा वाडा पोसायचा खर्च उरला होता. १९२० च्या दशकात तो पाडायला घेतला.

शेजारची घराण्याची समाधी खचली, तरी उभी आहे. १८४२ साली काम सुरू झालं. घुमट सुमारे १२० फूट उंच. आत प्रार्थनाघर करायचा बेत होता, पण गुळगुळीत दगड आणि घुमटामुळे आवाज सुमारे १५ सेकंद घुमत राहतो, प्रवचनातला एक शब्द दुसऱ्यात मिसळतो. विजापूरच्या गोलघुमटाखाली उभं राहिलेल्याला हे सांगायला नको. दहाव्या ड्यूकने स्वतःसाठी इजिप्तची दगडी शवपेटी आणवली होती. १९२१ मध्ये इथली सगळी शवं गावच्या दफनभूमीत हलवावी लागली.

तिकडे जाणाऱ्याने ही समाधी, लो पार्क्स म्युझियम आणि विल्यम अ‍ॅडमने बांधलेलं शॅटेलरो हे शिकारघर, तिन्ही एका दिवसात पाहावीत. शिकारघरही कोळशाच्या खाणीने कललं होतं. नंतर ते दुरुस्त केलं. वाड्याच्या भोजनगृहाची लाकडी नक्षी मात्र अमेरिकेत, बोस्टनच्या संग्रहालयात आहे. घराण्याने १९४६ मध्ये पूर्व लोथियनमधलं लेनॉक्सलव्ह घेतलं. ते घेणारा चौदावा ड्यूक म्हणजे १९३३ मध्ये एव्हरेस्टवरून पहिल्यांदा विमान नेलेल्या मोहिमेचा मुख्य वैमानिक.