पाच पंक्चर, एक तार आणि ८२ किलोमीटर

काल सायकलवर ८२ किलोमीटर झाले आणि मागच्या चाकात निघताना भरलेली हवा परत येईपर्यंत टिकली! माझं गेल्या दोन आठवड्यांचं रडगाणं ज्यांनी ऐकलंय, त्यांना यातला आनंद कळेल. अकरा दिवसांत पाच पंक्चर, पाचही मागच्याच चाकाला.

पहिली दोन मी काट्यांच्या नावावर खपवली. मी ज्या मदतनिधीच्या सायकल राइडची तयारी करतेय, तिचा निम्मा रस्ता शेतांमधून जातो, सरावही तसल्याच रस्त्यांवर, काटे असायचेच. टायरच्या आतून बोट फिरवलं, काही लागलं नाही, ट्यूब बदलली, निघाले. तिसऱ्या वेळी मात्र जवळच्या ट्यूबच संपल्या. रात्री तिन्ही ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे बघत बसले. तिन्हींना भोक व्हॉल्व्हपासून बरोबर एका वितीवर! दोघींना उजवीकडे, एकीला डावीकडे, कारण ती मी उलटी बसवली असणार. म्हणजे काटा रस्त्यावर नाही, टायरमध्येच कोणीतरी ठाण मांडून बसलंय.

एवढं कळलं आणि पुढच्याच क्षणी कपाळावर हात मारला. शोधाच्या भरात टायर रिमवरून पूर्ण उतरवला होता. टायरचा कुठला भाग व्हॉल्व्हसमोर होता, हा पुरावा मीच पुसून टाकला होता. टायरवरचं नाव व्हॉल्व्हसमोर आणून बसवायचं, हे मी दहा जणांना सांगितलंय. स्वतः? कधीच नाही.

मग नाव व्हॉल्व्हसमोर, ट्यूबच्या उजव्या अंगाला पेनानं खूण, आणि चौथ्या पंक्चरची चक्क वाट पाहिली. ते झालंच. यावेळी जागा दोन बोटांत सापडली, तिथे काचेची कपची रुतलेली दिसली, ती टोकरून काढली आणि विजय साजरा केला. दुसऱ्या दिवशी पाचवं पंक्चर. त्याच जागी.

शेवटी आमच्या गटातले काका म्हणाले, "बोट नको, कापूस फिरव." फिरवला. एका ठिकाणी दोन तंतू अडकले. टायर तिथे उलटा वाकवल्यावर टोक दिसलं: केसाएवढी बारीक पोलादी तार, चिमट्यानं ओढली तर पापणीच्या केसाएवढी लांब. फुटलेल्या ट्रक-टायरच्या आतल्या तारा रस्त्याच्या कडेला विखुरतात आणि आपण नेमके कडेनं जातो. माझं वजन पडून टायर दबला की ती आत टोचायची. सायकल नुसती उभी असली की हवा रात्रभर टिकायची. म्हणूनच घरी काही सापडत नव्हतं.

या प्रकरणातून बनलेली मतं: सोल्यूशन न लागणारे आयते चिकट पॅच घरी पोहोचण्यापुरतेच. ट्यूब घासून, सोल्यूशन लावून, ते पूर्ण सुकू देऊन लावलेल्या पॅचला तोड नाही. घाई झाली की ओल्यावरच दाबतो आणि मग पॅचला दोष देतो. आणि कार्बन डायऑक्साइडच्या कार्ट्रिजनं (पंपाऐवजी वापरायची छोटी नळकांडी) भरलेलं चाक दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, कारण तो वायू ट्यूबच्या रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर निसटतो. हे माहीत असूनही मी त्याला सहावं पंक्चर समजून अर्धा तास वाया घालवला.

सरावाचं थोडक्यात. सरावाच्या रस्त्यावरचा लांब चढ काल पहिल्यांदाच शेवटचा, सगळ्यात हलका गियर शिल्लक ठेवून चढले, कॅडन्स (मिनिटाला पायडलच्या फेऱ्या) ७५च्या खाली गेला नाही. वर पोहोचल्यावर कोणी नव्हतं, तरी घंटी वाजवली. गुडघा गप्प आहे. सॅडल, म्हणजे सीट, चार मिलिमीटर वर घेतल्याचा गुण असावा.

ट्यूबलेस, म्हणजे बिनट्यूबचे टायर का घेत नाही, असं परत विचाराल. इतकं बारीक भोक त्यांच्या आतल्या सीलंटनं (भोकं बुजवणाऱ्या द्रवानं) आपोआप बुजवलं असतं, मान्य. पण राइडला चार आठवडे उरलेत, आता नवा संसार नको. रविवारी याच टायरवर शंभर करायचे, असं ठरवलं होतं... पण हे लिहिताना मागचा टायर समोरच पडलाय आणि मधोमध चांगलाच सपाट झालेला दिसतोय. मागच्या चाकावर भार जास्त, झिजणारच. त्यापेक्षा पुढचा मागे टाकते आणि नवा पुढे; पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणजे शनिवार टायर बसवण्यात आणि वीसेक किलोमीटर चालवून बघण्यात जाणार, शंभर पुढच्या रविवारी.

तार वहीच्या पानाला चिकटवून ठेवलीय. कापसाचा बोळा सॅडलखालच्या पिशवीत.