तुम्ही विचारलंत म्हणून: लेखकाचं नाव मी शेवटी का सांगते

"ताई, पुस्तकात काय आहे ते सगळं सांगता, मग कोणाचं आहे ते शेवटपर्यंत का सांगत नाही?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी कोणीतरी विचारतंच. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी वाचनालयात काउंटरला बसते, सतरा वर्षं झाली. गर्दीच्या वेळी धड उत्तर देता येत नाही, मागे चारजण पुस्तक बदलायला उभे असतात, म्हणून आज नीट लिहून काढते.

सुरवात आरती प्रभूंपासून करावी लागेल. शाळेत असताना रेडिओवर "ये रे घना" लागायचं, आवाज आशाबाईंचा आणि निवेदक सांगायचा गीत आरती प्रभू, त्यामुळे ही कोणीतरी बाई आहे यात मला कधी शंकाच आली नाही. पुढे "गेले द्यायचे राहून" ऐकलं तेव्हा तर खात्रीच पटली कारण ते "गेले" मला "मी गेले" मधलं वाटायचं. खरं तर ते "देणे"चं क्रियापद आहे, देणे द्यायचे राहून गेले, पण नाव आरती असल्यावर कानाने तेच धरलं. त्या कविता मी कॉलेजात एका वहीत उतरवून घेतल्या होत्या आणि मनातल्या मनात त्यांना आरतीताई म्हणायचे.

मग कोणीतरी सांगितलं की आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. कुडाळला खानावळ चालवलेले, "कोंडुरा" आणि "चानी" लिहिणारे तेच. गद्य खानोलकर या नावाने आणि कविता आरती प्रभू या नावाने. मला धक्का बसला तो ते पुरुष निघाले याचा नाही, नंतर जे झालं त्याचा. मी वही परत काढून वाचायला बसले आणि त्याच ओळी मला वेगळ्या लागायला लागल्या. आधी जे मला हळवं, एका बाईच्या मनातलं, तिच्या घरातलं वाटत होतं तेच आता खोल वाटायला लागलं, सगळ्या माणसांबद्दलचं वाटायला लागलं. शब्द एकही बदललेला नव्हता. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं, कारण मी स्वतः मुलगी, आणि बाईचं म्हणून वाचताना मी त्या कवितेला लहान करून वाचत होते आणि मला ते कळतही नव्हतं.

तेव्हापासून मी लोक पुस्तक कसं निवडतात ते बघत आले. मुखपृष्ठ बघतात, मग नाव बघतात, मग मागचा मजकूर. नावावर आलं की अर्ध्या सेकंदात काहीतरी ठरलेलं असतं. पुरुषाचं नाव असलं तर पुस्तक सगळ्यांचं, बाईचं असलं तर बायकांचं. एक रिटायर्ड काका होते, महाभारतावर जे मिळेल ते वाचायचे. त्यांच्या हातात मी "युगान्त" दिलं तर नाव बघून म्हणाले, "बाईंनी लिहिलंय होय, मग मिसेसला नेतो." मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, अगदी प्रेमळ माणूस. पण इरावती कर्व्यांनी त्यात गांधारी, कुंती, द्रौपदी, भीष्म, कर्ण, कृष्ण सगळ्यांना देवत्वाचा बडेजाव बाजूला ठेवून माणसं म्हणून तपासलंय, 1968 साली साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक आहे ते, आणि ज्याला महाभारताचं वेड आहे तो माणूस ते स्वतः न वाचता बायकोसाठी पिशवीत टाकतो!

आडनावांचंही असंच. कोणी नुसतं "देशपांड्यांचं काहीतरी द्या" म्हटलं की ते पुलं. गौरी देशपांडे हव्या असतील तर अख्खं नाव घ्यावं लागतं, आणि सुनीताबाईंचं "आहे मनोहर तरी" मागताना आजही निम्मे लोक "ते पुलंच्या मिसेसचं" असं म्हणतात. पुरुष लेखक पुलं होतात, वपु होतात, जीए होतात, नाहीतर नुसते फडके, अत्रे, नेमाडे. बायका दुर्गाबाई, शांताबाई, इरावतीबाई. त्यात आदर आहे, मीही तसंच म्हणते, पण त्या "बाई"मुळे पुस्तक उघडायच्या आधीच ते कोणत्या कपाटातलं ते ठरून जातं.

कपाटावरून आठवलं. मी लागले तेव्हा आमच्याकडे "महिला साहित्य" अशी पाटी लावलेलं एक कपाट होतं. लोणच्या-मसाल्यांची पुस्तकं, रांगोळी, भरतकाम, आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे. आणि बेबी कांबळेंचं "जिणं आमुचं" मात्र तिथे नाही, ते दलित साहित्याच्या कपाटात, तिकडे जाणारे सभासद वेगळे. म्हणजे आडनावाने एक भिंत आणि बाईपणाने दुसरी. ती पाटी काढायला मला दोन वर्षं लागली. आता कादंबऱ्या कादंबऱ्यांत आणि आत्मचरित्रं आत्मचरित्रांत लागतात, एवढंच केलं, पण "जिणं आमुचं" त्या वर्षी जितक्या वेळा बाहेर गेलं तितकं आधीच्या कितीतरी वर्षांत मिळून गेलं नव्हतं, नोंदवही मीच भरते म्हणून माहितीय.

लिहिणाऱ्या बायकांना हे सगळं आपल्या खूप आधी कळलेलं होतं. 1933 साली "कळ्यांचे निःश्वास" आलं, विभावरी शिरूरकर या नावाने. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न राहून गेलेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात लिहिलेलं, आणि केवढा गदारोळ झाला, ही विभावरी कोण याचाच शोध लोक घेत बसले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांनी टोपणनाव घेतलं पण ते बाईचंच घेतलं, मला याचं फार कौतुक आहे. म्हणजे अंगावर येईल ते झेलायचं पण हे बाईनेच लिहिलंय हे लपवायचं नाही. उलट शांता शेळक्यांनी चित्रपटासाठी गाणी लिहिताना डॉ. वसंत अवसरे हे नावही वापरलं. साहित्य संमेलनाचंच बघा ना, 1878 ला पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पहिलं भरलं आणि अध्यक्षपदी पहिली बाई यायला 1961 उजाडलं, ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. 2025 ला दिल्लीत 98 वं झालं, तारा भवाळकर अध्यक्ष, आणि त्या फक्त सहाव्या.

आता मी नेमकं काय करते ते सांगते, कारण ही सोय आपल्या मराठीनेच करून दिलीय. आपल्याकडे "मी" म्हटलं की सुटका नाही, गेलो की गेले ते लगेच सांगावं लागतं, हे वाचताना तुम्हालाही पहिल्याच परिच्छेदात कळलंच असेल की मी बाई आहे. पण दुसऱ्याबद्दल आदराने बोलताना "त्यांनी लिहिलंय" म्हटलं की काहीच कळत नाही, "त्यांनी" बाईलाही चालतं आणि पुरुषालाही, आणि "लिहिलंय" तर पुस्तकाशी बांधलेलं. त्यामुळे मी म्हणते, "काका, ह्यात कर्णाबद्दल त्यांनी असं काही लिहिलंय की तुम्ही माझ्याशी भांडायला परत याल." पुस्तक माझ्याच हातात, मधलं पान उघडून दोन ओळी वाचून दाखवते, समोरच्याचा हात पुढे आला की मग नाव सांगते. खोटं बोलत नाही आणि लपवतही नाही, नाव मुखपृष्ठावर छापलेलं असतंच. फक्त त्या अर्ध्या सेकंदाच्या आधी पुस्तकाला थोडी जागा करून देते.

दरवेळी जमत नाही. काहीजण नाव ऐकून पुस्तक परत काउंटरवर ठेवतात, मी आग्रह करत नाही. काही बायकाही म्हणतात की नको गं, बायकांचं रडकं असतं, आणि तेव्हा मला जास्त लागतं कारण माझी ती वही आठवते. महाभारतवाल्या काकांना "युगान्त" मी पुढच्या पावसाळ्यात याच पद्धतीने परत दिलं. पंधरा दिवसांनी भीष्माच्या प्रकरणावरून खरंच तावातावाने भांडले माझ्याशी, आणि जाताना विचारलं, "ह्यांचं अजून काय आहे तुमच्याकडे?"

काल एक अकरावीतली मुलगी "चानी" परत द्यायला आली होती. तिला कविता हवी होती म्हणून आरती प्रभूंचं "नक्षत्रांचे देणे" दिलं. दोन्ही एकाच माणसाचं आहे हे अजून तिला सांगितलेलं नाही. ती परत येईल तेव्हा आधी कविता कशा वाटल्या ते विचारीन, मग सांगीन.