धडधाकट हेडसेट भंगारात का टाकायचा?

२०२४ मध्ये विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आलं आणि त्यात मायक्रोसॉफ्टने विंडोज मिक्स्ड रिॲलिटी, म्हणजे व्हीआर (आभासी जगाचे) हेडसेट चालवणारी विंडोजमधली सोय, काढूनच टाकलं, म्हणजे एचपी रिव्हर्ब जी२ सारखा डोळ्यांवर लावायचा हेडसेट, एकेका डोळ्यापुढे २१६० बाय २१६० चा पडदा असलेला, तो तिथे मायक्रोसॉफ्टच्या आधाराने आता चालत नाही. मला याचा खरंच राग येतो, वस्तू धडधाकट आहे हो!

पण लिनक्सवर मोनॅडो आहे. कोलॅबोराच्या लोकांनी २०१९ मध्ये जाहीर केलेला ओपन सोर्स रनटाइम, म्हणजे गेम आणि हेडसेट यांच्या मधलं सॉफ्टवेअर. गेम ओपनएक्सआर या सगळ्यांसाठी सारख्या असलेल्या स्टँडर्डमधून बोलतो आणि खाली हेडसेटशी बोलायचं काम मोनॅडो करतो, वेगवेगळ्या कंपन्यांच्या बऱ्याच हेडसेटसाठी. हेडसेटवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं आणि जायरोचे (वळणं मोजणाऱ्या सेन्सरचे) आकडे बसाल्ट नावाच्या सॉफ्टवेअरकडे जातात, त्यावरून डोकं खोलीत नेमकं कुठे आहे ते कळतं. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, काढून होईपर्यंत तुमचं डोकं जरा वळलेलं असतं, म्हणून पडद्यावर जायच्या आधी शेवटच्या क्षणी ते चित्र नव्या दिशेला सरकवलं जातं, हे झालं नाही तर गरगरायला लागतं.

मेटाचा क्वेस्ट हेडसेट असेल तर वायव्हीआरएन हे सॉफ्टवेअर बघा, तेही मोनॅडोवरच उभं आहे, पीसीवरून हेडसेटकडे वायफायने चित्र पाठवतं. फक्त पीसी राउटरला केबलने जोडा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, नाहीतर चित्र अडकतं. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, भीती वाटत असेल तर एनव्हिजन हे ॲप घ्या, मोनॅडो किंवा वायव्हीआरएन बिल्ड करणं वगैरे तेच करतं.