समुपदेशनातला उपदेश सुटताना

समुपदेशन या शब्दातच उपदेश आहे, आणि याच विषयातल्या मास्टर्सची दोन वर्षं माझी झटापट त्याच्याशीच चालली.

पहिल्या वर्षी व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, संख्याशास्त्र, चाचण्या शिकले. थेरपीतून माणसात बदल घडायला काय लागतं, याच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सहा अटी तोंडपाठ होत्या. समानुभूती, विनाअट स्वीकार, समुपदेशकाचा सच्चेपणा यांवर भरभरून लिहिलं, गुणही चांगले पडले.

कस लागला तो व्हर्बाटिममध्ये. क्लायंटची लेखी संमती घेऊन सेशन रेकॉर्ड करायचं आणि मग शब्दन् शब्द उतरवायचा. ‘हं’, उसासे, शांततेचे सेकंदसुद्धा. शेजारच्या रकान्यात त्या क्षणी मला काय वाटत होतं ते. एका सेशनला पाच-सहा तास सहज जायचे.

पहिल्याच व्हर्बाटिममध्ये क्लायंट म्हणते, “घरी माझ्याशी कुणी बोलतच नाही.” त्यावर मी, “तुम्ही स्वतःहून बोलून पाहिलंत का?” (तिचे शब्द इथे बदलले आहेत, कोर्स संपला म्हणून गोपनीयता संपत नाही.) ती “बघते” म्हणाली आणि विषय बदलला. सुपरव्हायजर मॅडमनी तिथे रेघ मारून विचारलं, “हा प्रश्न कुणाच्या गरजेतून आला?” मला राग आला. दोन दिवसांनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, तेव्हा कळलं की तिचं एकटेपण मलाच सोसवलं नव्हतं.

त्याच सुमारास मी स्वतः थेरपी सुरू केली. आमच्या घरी रडणाऱ्याला आधी पाणी आणि लगेच सल्ला मिळायचा. तीच माया मी सेशनमध्ये घेऊन येत होते. शिकणाऱ्या प्रत्येकाने क्लायंटच्या खुर्चीत बसावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रबंधिका, डेटा, एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) हे सगळं मार्गदर्शकांच्या मदतीने पार पडलं. पण प्रवेश घेण्याआधी एक नक्की विचारा: प्रत्यक्ष क्लायंटसोबत किती तास मिळणार, आणि तुमचं काम बारकाईने बघणारं कुणी आहे का? त्याशिवाय थिअरी वहीतच राहते.

माझ्या शेवटच्या व्हर्बाटिममध्ये एके ठिकाणी नुसतं ‘शांतता, ४० सेकंद’ असं लिहिलंय. शेजारच्या रकान्यात: ‘छातीत धडधड. बोलावंसं वाटतंय.’ त्यानंतरच्या दीड पानात माझे फक्त तीन ‘हं’ आहेत.