‘सावकाश सांगा, घाई नाही’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले आहे. प्रश्न माझ्या ओळखीचाच आहे. नोकरीसाठी माणसं निवडणाऱ्यांची मी शिबिरं घेते, आणि जवळजवळ प्रत्येक शिबिरात मधल्या सुट्टीत कुणीतरी बाजूला येऊन हेच विचारतं: “माझ्या मनात कुणाबद्दल द्वेष नाही. कुणाचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. मग मी भेदभाव करतो, असं तुम्ही कसं म्हणता?” विचारणारा दुखावलेला असतो. आणि बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो.

तुमच्या मनात द्वेष नाही, हे मला मान्य आहे. पण भेदभावाला द्वेष लागतच नाही. एखाद्याबद्दल जरा जास्त आपुलकी वाटली, तरी तेवढ्यावर भागतं.

हे मला पुस्तकात वाचून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी मी एका निवड समितीवर होते. एकाच दिवशी, एकाच पदासाठी मुलाखती. सकाळी एक मुलगी आली. तिची बोलण्याची ढब माझ्यासारखी, शिक्षण माझ्याच वळणाचं. तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला ती अडकली. मी नकळत पुढे वाकले आणि म्हणाले, “सावकाश सांगा, घाई नाही.” तोच प्रश्न जरा सोपा करून पुन्हा विचारला. तिला धागा सापडला आणि पुढचं उत्तर तिने छान दिलं.

दुपारी एक मुलगा आला. त्याचे उच्चार वेगळे, वाक्यं जोडण्याची पद्धत वेगळी. तोही त्याच प्रश्नाला अडकला. मी थोडं थांबले, कागदावर काहीतरी खूण केली आणि म्हणाले, “ठीक आहे, पुढे जाऊ.”

बस, एवढंच. आवाज चढला नाही, कुणी कुणाचा अपमान केला नाही. खोलीत कॅमेरा असता तर त्यात दोन सभ्य मुलाखती दिसल्या असत्या.

निकाल कळवून झाल्यावर कागद लावताना सहकाऱ्याने माझी दोन टिपणं शेजारी शेजारी ठेवली. मुलीच्या टिपणावर मी लिहिलं होतं: ‘सुरुवातीला घाबरली, पण समज चांगली.’ मुलाच्या टिपणावर: ‘विषयावर पकड कमी.’ त्याने एवढंच विचारलं, “त्याला प्रश्न सोपा करून विचारला होतात का?” मला आधी राग आला. मग आठवलं आणि मी गप्प झाले. ती घाबरली होती, हे मला तिच्याकडे पाहून समजलं. तोही घाबरला असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. अडकण्याची गोष्ट एकच. तिच्या बाबतीत ती त्या क्षणापुरती धरली आणि त्याच्या बाबतीत त्याच्या कुवतीवर लिहून टाकली.

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो आणि दुसऱ्यांना लावतो. दुजाभाव, आपपरभाव, डावं-उजवं करणं, सापत्न वागणूक... आपल्या भाषेने ही गोष्ट किती बाजूंनी पाहून ठेवली आहे! यातल्या एकाही शब्दात द्वेष नाही. आहे ती वाटणी: आपुलकी कुणाच्या वाट्याला आली आणि कुणाच्या नाही, याचा हिशेब.

त्यानंतर मी वाचायला लागले, तेव्हा माझ्यासारख्याच खोलीत झालेला एक प्रयोग हाती लागला. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात कार्ल वर्ड, मार्क झॅना आणि जोएल कूपर यांनी केलेला तो प्रयोग 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या विद्यार्थ्यांना मुलाखती घ्यायला बसवलं होतं. समोर येणारे उमेदवार कधी गोरे, कधी काळे, आणि त्या सगळ्यांना एकसारखं वागायला आधीच शिकवलेलं. तरी काळा उमेदवार आला की मुलाखत घेणारे खुर्ची जरा लांब ठेवत, बोलताना जास्त अडखळत आणि मुलाखत लवकर आटोपती घेत.

पण मला हलवून सोडलं ते प्रयोगाच्या दुसऱ्या भागाने. त्यात उमेदवार सगळे गोरेच होते. मुलाखत घेणाऱ्यांना मात्र दोन पद्धतींनी वागायला शिकवलं होतं: काहींशी जवळ बसून, निवांत, आणि काहींशी लांबून, अडखळत, घाईघाईने. ज्यांच्या वाट्याला दुसरी पद्धत आली, ते जास्त बावरले आणि त्यांची मुलाखत कमी दर्जाची ठरली. म्हणजे मुलाखत घेणारा ज्याला उमेदवाराची कमतरता समजतो, ती काही अंशी त्याने स्वतःच त्या खोलीत तयार केलेली असते. माझं ‘पुढे जाऊ’ ऐकल्यावर त्या मुलाने पुढची उत्तरं कशी दिली असतील? ती मी फक्त ऐकली. ती तशी का आली, हे स्वतःला विचारलं नाही.

‘हे तर वंशाबद्दल झालं, फार जुन्या वैराबद्दल’ असं कुणी म्हणेल. म्हणून मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांचं काम सांगते. हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या कैदेत पडले. ते पोलंडचे ज्यू आहेत हे कळलं असतं तर जीव वाचला नसता; फ्रेंच म्हणून नोंद झाली म्हणून ते जगले. परत आले तेव्हा जवळचं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. कागदावरच्या एका शब्दाने माणूस वाचतो किंवा मरतो, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे त्यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला: माणसांनी ‘आपले’ आणि ‘परके’ करायला सुरुवात करावी, यासाठी कमीत कमी काय लागतं?

त्यांनी 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावर किती ठिपके आहेत याचा अंदाज करायला सांगितलं आणि मग म्हटलं, तू जास्त अंदाज करणाऱ्यांच्या गटातला, तू कमी अंदाज करणाऱ्यांच्या. प्रत्यक्षात गट कसेही पाडलेले होते. आपल्या गटात कोण कोण आहे हे मुलांना माहीत नव्हतं, आणि वाटायचे पैसे स्वतःला मिळणारही नव्हते. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इतकंच नाही, अशाच पुढच्या प्रयोगात समोरच्या गटापेक्षा आपण पुढे राहावं म्हणून कित्येकांनी आपल्याच गटाला थोडे कमी पैसे मिळणारा पर्यायही निवडला. या निनावी मुलांमध्ये वैर कुठून येणार? ठिपक्यांवरून कधी दंगल झालेली नाही.

इथे एक पळवाट काढली जाते, आणि तिच्याबद्दल मला मनापासून चीड आहे: ‘मग माणूस असाच असतो, त्याला इलाज नाही.’ असं नाही. मेंदू झटकन वर्गवारी करतो, हे खरं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच हे मांडलं. पण त्यांनी एक रेषाही आखली: आधी केलेलं मत नवी माहिती समोर आल्यावरही बदलत नसेल, तेव्हाच त्याला पूर्वग्रह म्हणायचं. आपण मराठीत किती सहज म्हणतो, ‘माझ्याबद्दल असा ग्रह करून घेऊ नका.’ करून घेऊ नका, म्हणजे ग्रह आपोआप होत नाही, आपण तो करून घेतो. आणि करून घेतलेला ग्रह सोडताही येतो.

तो सुटत नाही, कारण आपल्याकडे कारणं तयार असतात. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांनी 2005 मध्ये हे फार नेमकं दाखवलं. पोलिसप्रमुखाच्या पदासाठी दोन काल्पनिक उमेदवार: एक रस्त्यावरच्या कामात मुरलेला, दुसरा चांगला शिकलेला. यात पुरुष कोणता आणि बाई कोणती, हे अदलाबदल करून लोकांना दाखवलं. शिकलेला उमेदवार पुरुष असला की लोकांना शिक्षण महत्त्वाचं वाटायचं. शिकलेली बाई असली की शिक्षणाचं वजन उतरायचं. निवड आधी होत होती आणि निकष मागून येत होते. आणि ज्यांना आपण अगदी वस्तुनिष्ठ आहोत अशी खात्री होती, त्यांच्यात हा कल जास्त होता. ‘मी भेदभाव करतच नाही’ असं ठामपणे म्हणणाऱ्यांची मला काळजी वाटते, ती यामुळे.

चेहरा न बघताही हे घडतं. मारियान बर्ट्रंड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी अमेरिकेत बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे 5000 अर्ज पाठवले. अर्ज सारख्या तोडीचे, फक्त नावं वेगळी. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोऱ्यांची वाटणाऱ्या नावांना काळ्यांची वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे 50 टक्के जास्त बोलावणी आली. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी भारतातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना असेच अर्ज पाठवले. 2007 मध्ये त्यांनी दाखवलं की पात्रता तीच असूनही दलित आणि मुस्लिम नावांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा बोलावणी कमी येतात. ते अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांपैकी कितीजण म्हणाले असते, की आम्ही द्वेष करतो?

तुमच्या प्रश्नात एक माणूस नाही, तो म्हणजे समोरचा. तुम्ही स्वतःच्या मनाबद्दल विचारता. तो तुमच्या मनात डोकावू शकत नाही. नकार हातात आला की त्याला ठरवावं लागतं: मी कमी पडलो, की मी ‘मी’ आहे म्हणून? पहिलं खरं असेल तर अभ्यास करायचा. दुसरं खरं असेल तर अभ्यासाने काही होणार नाही. आणि यातलं काय खरं हे कधीच पक्कं कळत नाही. कौतुक झालं तरी शंका राहते: हे माझ्या कामाचं, की सहानुभूतीचं? तुमच्या-माझ्यासारख्या कितीजणांना आयुष्यात हा हिशेब कधी करावा लागला नाही. तो मुलगा निवडला गेला नाही. मी प्रश्न सोपा करून विचारला असता तर तो निवडला गेला असता का, हे मला सांगता येत नाही. त्यालाही नाही. त्याला तर आपल्याला कुठे कमी मिळालं हेही ठाऊक नाही, कारण सकाळी काय झालं ते त्याने पाहिलंच नव्हतं.

‘आपल्या माणसाला मदत करणं चूक का?’ असंही विचारलं जातं. मदत करणं चूक नाही. पण जागा एकच असेल, तर ‘सावकाश सांगा’ हे एकाला म्हटलेलं आणि दुसऱ्याला न म्हटलेलं वाक्य दुसऱ्याच्या वाट्यातून जातं.

मन शुद्ध होईपर्यंत थांबा, असं मी शिबिरात कुणाला सांगत नाही. मन कधी शुद्ध होईल ते होईल, पुढची मुलाखत सोमवारी असते. उलमन आणि कोहेन यांच्या प्रयोगात, उमेदवार बघण्याआधीच ज्यांनी कोणता निकष महत्त्वाचा हे ठरवून टाकलं, त्यांच्या निवडीतला भेद नाहीसा झाला. म्हणून अर्ज उघडण्याआधी आम्ही निकष आणि त्यांचे गुण कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतो. प्रश्न सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने. ‘घाबरली’, ‘पकड कमी’ असे शेरे चालत नाहीत. उमेदवार काय म्हणाला तेच लिहायचं, गुण नंतर. मुलाखत किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता संपली हेही लिहायचं. पहिल्यांदा ते लिहिलं, तेव्हा एकाला अठरा मिनिटं आणि दुसऱ्याला अकरा, असे आकडे बघून आमचे आम्हीच चकित झालो होतो.

आणि माझ्या प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नाखाली आता दोन ओळी छापलेल्या असतात. उमेदवार अडकला तर त्या वाचायच्या, मग समोर कुणीही असो. दुसऱ्या ओळीत तोच प्रश्न सोप्या शब्दांत असतो. पहिली ओळ आहे: ‘सावकाश सांगा, घाई नाही.’