पारिहाका: माफी झाली, भाडेपट्टा चालू आहे

न्यूझीलंडमधल्या न्यू प्लिमथहून ४५ नंबरच्या रस्त्याने निघालं की उजवीकडे समुद्र आणि डावीकडे तारानाकी. २,५१८ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी ढग नसले तर सगळ्या वाटेवर सोबत करतो; आमच्या नशिबी अर्धाच होता. कॅप्टन कुकने १७७० मध्ये त्याला ‘एग्मंट’ म्हणायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने एकमताने कायदा करून डोंगराला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला आणि अधिकृत नावही फक्त तारानाकी माउंगा एवढंच ठेवलं. ‘एग्मंट व्हिलेज’ नावाचं गाव मात्र अजून पायथ्याशी आहेच.

वाटेत ओआकुरा लागतं. तिथे बहुतेक लोक समुद्रावर सर्फिंगच्या फळ्या घेऊन उतरतात. आम्हाला तिथली शेतं बघायची होती. १८६५ मध्ये सरकारने तारानाकी प्रांतातली सुमारे १२ लाख एकर जमीन माओरींकडून, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांकडून, ‘बंडाची शिक्षा’ म्हणून जप्त केली. त्यात ज्यांनी हत्यार उचललं नव्हतं त्यांच्याही जमिनी गेल्या. उजाड झालेले लोक पारिहाका या गावात ‘ते व्हिती ओ रोंगोमाई’ आणि ‘तोहू काकाही’ या दोन माओरी पुढाऱ्यांभोवती जमले. मे १८७९ मध्ये त्यांचे लोक ओआकुरात गोऱ्या शेतकऱ्यांच्या कुरणात नांगर घेऊन उतरले आणि नांगरत सुटले. पोलीस आले की मुकाट्याने अटक करून घ्यायची, दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी नांगराला. शेकडो माणसं खटल्याशिवाय तुरुंगात गेली, कित्येकांना पार दक्षिण बेटावर डनीडिनला नेलं. गांधीजी तेव्हा नऊ वर्षांचे होते.

पुंगारेहूजवळ आत वळलं की पारिहाका. टेकड्यांमध्ये विखुरलेली घरं, चरणाऱ्या गाई, आणि ते व्हितींची समाधी. तिकीट नाही, दुकान नाही. ५ नोव्हेंबर १८८१ ला इथे सुमारे १,६०० शिपाई चालून आले, पुढे पांढऱ्या घोड्यावर मंत्री जॉन ब्राइस. समोर कोण? गाणी म्हणणारी, दोरीवरच्या उड्या मारणारी पोरं, आणि पाहुण्यांसाठी भाजलेले पाव. दोन्ही पुढाऱ्यांना पकडून नेलं. १८८३ पर्यंत ते खटल्याविना कैदेत राहिले. मग घरं पाडली, पिकं उपटली, माणसांना हाकललं. सरकारच्या वतीने ९ जून २०१७ रोजी याच जागी माफी मागितली गेली, तिच्यात बायकांवरच्या बलात्कारांचाही स्पष्ट उल्लेख आहे. सोबत ९० लाख डॉलरचा निधी आणि २०१९ मध्ये कायदा.

माफीचा मजकूर मी जाण्याआधी वाचला होता, आणि खरं सांगायचं तर मला तो पटलाही होता. पुढचा मुक्काम ओपुनाकेजवळच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याकडे होता. रात्री जेवताना मी सहज विचारलं, जमीन तुमचीच का? म्हणाला, “नाही हो, पट्ट्याची. आजोबांपासून. मालक माओरी आहेत.”

इथे मी ताटावरून उठलोच नाही. झालं असं की जप्त केलेल्या जमिनीपैकी थोडी नंतर माओरींना ‘परत’ मिळाली, पण ताबा सरकारी विश्वस्ताकडे. त्याने ती गोऱ्या शेतकऱ्यांना नाममात्र भाड्याने दिली. १८९२ च्या कायद्याने तर पट्टे कायमचेच झाले: २१ वर्षं संपली की पुन्हा २१, मालकाने नको म्हटलं तरी. आपल्याकडे कूळकायदा कसणाऱ्या गरिबाच्या बाजूने आला, कसेल त्याची जमीन म्हणत. इथे कुळाचे हक्क तसेच पक्के, फक्त कूळ सत्ताधाऱ्यांच्या जातकुळीचं आणि कंगाल झाला तो मालक. कोकणातल्या कुळांच्या भांडणात वाढलेल्या माणसाला हे उलटं गणित पचवायला वेळ लागतो.

१९७६ पासून या जमिनींचा कारभार ‘पारिनिनिही की वाइटोतारा’ ही हजारो माओरी भागधारकांची संस्था बघते. १९९७ च्या दुरुस्तीने भाडं हळूहळू बाजारभावाकडे नेलं आणि पट्टा विकायला निघाला तर पहिला हक्क मालकाला दिला. म्हणजे स्वतःच्याच जमिनीवरचा ताबा मिळवायला पैसे मोजायचे, तेही कुळाची विकायची इच्छा असली तर. पट्ट्याचं कायमपण हललेलं नाही.

शेतकरी माणूस चांगला होता. वाढलेल्या भाड्याबद्दल कुरकुरला आणि लगेच म्हणाला, “पण आजोबा जवळजवळ फुकटच कसत होते, हेही खरं.”

जायचं असेल तर महिन्याची १८ आणि १९ तारीख धरा, पारिहाकात त्या दिवशी लोक जमतात. आधी कळवलेलं बरं. फाटकाशी थांबायचं, आतून बायकांची हाक आल्यावरच पुढे व्हायचं. सभागृहात चपला बाहेर, फोटो विचारल्याशिवाय नाही. आणि रस्त्याकडेच्या हिरव्यागार कुरणांचं कौतुक करून झालं की सातबारा कोणाच्या नावावर आहे तेही विचारा. लोक सांगतात.