लसूण सोलत केलेला टेक

रात्रीचे पावणेदोन. फॅन बंद, कपाटाच्या दोन्ही दारांवर गोधड्या टाकल्यात, घामाने नुसती निथळतेय, पण अंतरा रेकॉर्ड झाला एकदाचा.

गाणं आईवरचं आहे. तीन महिने त्यात पाऊस, वाट, दिवा असलं काय काय होतं, चालीत बसत पण होतं, ज्याला ऐकवलं तो छान म्हणाला, आणि मला मात्र दर वेळी वाटायचं की मी खोटं बोलतेय. कारण शेवटच्या दीड महिन्यात पहाटे तिचा डायपर बदलून परत आडवी होताना मनात यायचं, आता सुटू दे हिला. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. हे कुणालाच बोलले नव्हते. गेल्या आठवड्यात वहीत तसंच लिहिलं, "सुटावीस तू, म्हणजे झोपेन मी", आणि पाऊस-दिवा सगळं खोडलं.

लिहिणं जमलं, गाणं जमेना. माइकसमोर ती ओळ आली की आवाज आपोआप गोड व्हायचा, नको तिथे हरकत यायची. गळाच ओळ झाकायला बघतो, खरंच. अकरा टेक झाले, सूर सगळे बरोबर आणि एकही खरा नाही.

मग परवा जात्यावरच्या ओव्या ऐकत बसले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, नव्वदच्या दशकात केलेली रेकॉर्डिंग्ज 'पारी' या वेबसाइटवर ऐकायला मिळतात. सासू, नवरा, माहेर, गेलेलं लेकरू, काय काय बोलून टाकतात या बायका. मला वाटतं जमायचं कारण हात दळणात असायचे, समोर दाद देणारं कुणी नसायचं, आणि दगडाच्या घरघरीखाली आपला आवाज लपायचा.

म्हणून आज स्टँड खाली घेतला, जमिनीवर बसले, हेडफोन काढले, तंबोरा पण बंद, आणि उद्याच्या भाजीचा लसूण सोलत गायले. "झोपेन"वर आवाज फुटला, पुढचं "मी" श्वासातच गेलं. थांबले नाही.

मिक्स करणारा मित्र जागाच होता. फाइल ऐकून त्याचा मेसेज, कॉम्प्रेसर लावला की श्वास वर येतोय आणि मागे खसखस कसली, काढू का, पिच पण सरळ करतो पाच मिनिटांत. त्याचं चूक नाही, कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग लेव्हल वर घेतली की बारीकसारीक सगळं ऐकू येतं. त्याला म्हटलं लसणाची सालं आहेत, राहू दे, आणि सुराला हात लावू नकोस.

दादाला अजून ऐकवलेलं नाही. त्यानेही एक दिवसाआड रात्री काढल्यात तिच्या उशाशी. फाइल नाही पाठवणार, उद्या रविवार आहे, त्याच्याकडे घेऊनच जाते.